सतरा तारखेच्या आत

लाल रंगाचा एकच थेंब... पण तो पडला नेमका पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर.

मी शिडीच्या सहाव्या पायरीवर होते. छज्ज्याच्या आडोशाला, स्टेशनरीच्या दुकानाच्या पाटीवरचं शेवटचं अक्षर ओढत होते. नोव्हेंबर लागला होता आणि हालापा शहराच्या गल्ल्यांतून चिपीचिपी सुरू झाली होती. पाऊस म्हणून छत्री उघडावी तर लाज वाटते, धुकं म्हणून तसंच चालावं तर केस निथळायला लागतात. अशा हवेत ब्रश जड होतो, हात ओला होतो आणि थेंब सुटतो.

"वर कोणी आहे का?" खालून आवाज आला.

"आहे ना."

"मग तुमचा लाल रंग माझ्याकडे आलाय. परत पाठवू, की ठेवून घेऊ?"

मी वाकून पाहिलं. तिशीचा, किडकिडीत, काखेत कागदांची चळत, केसांवर चिपीचिपीचे बारीक मणी. चिडला असेल म्हणून जीव मुठीत धरला होता, पण तो बाहीकडे असा पाहत होता, जणू तिथे एखादं पाखरू येऊन बसलंय.

"माफ करा हो! थिनर देऊ? लगेच पुसलं तर..."

"डाग जाईल आणि त्याच्याबरोबर शर्टही जाईल."

"मग धुलाईचे पैसे देते."

"आणि ते मी कुठल्या खात्यात मांडू?" तो हसला. "कोंतादोर आहे मी. लोकांचे हिशेब लिहितो, कर भरतो. एवारिस्तो. ती वरची पाटी माझी."

मी मान वर केली. जिन्याच्या तोंडाशी एक प्लॅस्टिकचा बॅनर लोंबत होता. पहिलं अक्षर उन्हाने खाल्लेलं, शेवटची दोन वाऱ्याने गुंडाळलेली. तो बॅनर मीच छापला होता! रामिरोच्या छपाईच्या दुकानात पाच वर्षं यंत्रामागे बसून मी असे हजारो बॅनर काढले. अवघ्या नऊ दिवसांपूर्वी ती नोकरी सोडून मी ब्रश हातात घेतला होता.

"तुमची पाटी रंगवून देते," मी म्हटलं. "शर्टाच्या बदल्यात. दहा वर्षं टिकेल."

"फुकट नको. पैसे देईन. फाक्तुरा द्याल ना?"

आला, तो शब्द पुन्हा आला. फाक्तुरा, म्हणजे करखात्यात नोंदवलेलं पक्कं बिल. आदल्याच दिवशी बेकरीवाल्या दोन्या एलोदियाने, म्हणजे एलोदियाबाईने, हेच विचारलं होतं. तिच्या सहा बेकऱ्यांच्या दर्शनी भिंती, माझं पहिलं मोठं काम. महिनाअखेरीपर्यंत फाक्तुरा दिला तर काम माझं, नाही तर रामिरोचे बॅनर लागणार. आणि ते काम गेलं की मलाही पुन्हा रामिरोच्या यंत्रामागे जाऊन बसावं लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"देईन की!" मी ठसक्यात म्हटलं.

"छान. करखात्यात नाव नोंदवलंय?"

मी ब्रश पुसायला लागले.

"संगणकावरची सही काढलीय?"

"माझी सही चांगली वळणदार आहे," मी म्हणाले.

तो इतका हसला की काखेतले दोन कागद ओल्या फरशीवर पडले. मी शिडीवरून उतरून ते उचलून दिले. देताना बोटांचा लाल ठसा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला...

"उस्ताद," तो म्हणाला, "उद्या सकाळी वर या."

* * *

एवारिस्तोची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत गरम पाण्याची किटली. मी बुटांच्या खोक्यात कोंबलेल्या चिठ्ठ्याचपाट्या त्याच्यासमोर ओतल्या.

"थिनर... ठीक. ब्रश... ठीक. लाल ऑइलपेंट, तोही ठीक, पण यापुढे तुमच्या नावावर बिल घ्यायचं. हे काय? दोन पांबासो पाव, चोरिसो घालून?"

"धंद्याचा खर्च."

"पांबासो हा धंद्याचा खर्च नाही."

"उपाशीपोटी अक्षर वाकडं येतं, कोंता!"

"ते करखात्याला सांगा. मला पटलंय."

असं बोलायचा तो. खाली मान घालून, पेन्सिल कानावर खोचून. मी मात्र चोरून बघायची, त्याच्या शर्टाच्या बाहीकडे. तो लाल डाग त्याने काढला नव्हता. त्यावरच दुसरी घडी घालून बाही दुमडली होती.

संगणकावरच्या सहीसाठी करखात्याच्या कचेरीत जावं लागतं. तिथे डोळ्यांचा फोटो घेतात आणि दहाही बोटांचे ठसे. मी नटूनथटून गेले. डोळे लगेच जमले. बोटं मात्र... एक, दोन, पाच, दहा... यंत्र काही घेईना.

खिडकीपलीकडची बाई फार मायेने म्हणाली, "अगं मुली, तुझ्या बोटांवर रेषाच नाहीत."

रेषा कुठून असणार! पाच वर्षं शाई आणि वर आता ऑइलपेंट, थिनर, सँडपेपर. बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झाली होती. "मंगळवारी ये," ती म्हणाली, "बोटांना थोडी विश्रांती दे."

मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून एवारिस्तोसमोर उभी राहिले आणि दहाही बोटं पुढे केली. मला रडू येत होतं.

"सरकारच्या लेखी मी कुणीच नाही!"

त्याने बोटांकडे पाहिलं आणि तो खाली गेला. परत आला तेव्हा एका बशीत साखर होती आणि दुसऱ्या बशीत खायचं तेल. "बसा," तो म्हणाला.

आणि मग... एकेक बोट. तेलात बुडवायचं, साखरेत फिरवायचं, अंगठ्याने हलकेच चोळायचं. नखांच्या कडेचा निळा निघाला, हिरवा निघाला. बाहेर चिपीचिपी पागोळ्यांतून टपटपत होती. त्याचा अंगठा करंगळीपाशी आला आणि उगीचच थांबला...

"चार दिवस ब्रशला हात लावायचा नाही," तो खाली बघूनच म्हणाला.

"हात लावला तर?"

"मग मला पुन्हा तेलसाखर आणावी लागेल."

"ही धमकी आहे की लालूच?"

त्याचे कान लाल झाले. तो खालच्या सोतावेंतो भागातला, नदीकाठचा. तिकडे फांदांगोला, म्हणजे नाचगाण्याच्या रात्री, लाकडी फळीवर पाय वाजतात आणि गाणारे एकमेकांवर कवनं फेकतात. ज्याच्यावर कवन पडलं त्याने कवनानेच उत्तर द्यायचं, नाही तर हरला. त्याने बोट न सोडता हळूच गुणगुणलं,

*"बोटांना लागे रंग, तेलसाखरेने जाई,*
*डोळ्यांना लागे त्याला औषध कुठे नाही..."*

मीही कुठे कमी होते! आजोळ माझंही तिकडचंच.

*"डोळ्यांचा रंग जाया दिवा मालवावा, बाई,*
*हिशेब त्याचा चुके जो वहीत बघत नाही!"*

त्याने चटकन हात सोडला आणि वही उघडली. वही उलटी होती.

* * *

मंगळवारी यंत्राने दहाही बोटं घेतली. मी यादिरा, अक्षरं रंगवणारी, स्वतंत्र व्यावसायिक, असं कागदावर छापून आलं. तो कागद मी आईला तीनदा वाचून दाखवला.

"एवढ्या वेळा तर तुझा जन्मदाखलाही वाचला नव्हता आपण," आई म्हणाली. "आणि तो कोंता कसा आहे दिसायला?"

"आई, मी काय सांगतेय, तू काय विचारतेस!"

"तू बोटं बघत बघत सांगतेस, म्हणून विचारलं."

पहिलं काम त्याच्या पाटीचं केलं. पिवळ्यावर निळी अक्षरं, काळी सावली. तो शिडी धरून उभा राहिला आणि शिडीपेक्षा जास्त थरथरत होता. मग दोन्या एलोदियाच्या भिंती. महिनाअखेरीला माझा पहिला मोठा फाक्तुरा काढायचा होता. एवारिस्तो म्हणाला होता, "इथे येऊन काढा, मी बाजूला बसतो." पण मला त्याला थक्क करायचं होतं. दुपारी घरच्या टेबलावर बसून मी एकटीने तो काढला. सहा बेकऱ्या, बेचाळीस हजार पेसो, वर सोळा टक्के कर.

एका ठिकाणी अर्जाने विचारलं : पैसे मिळाले, की पुढे मिळणार?

दोन्याने पैसे द्यायचे होते राजांच्या सणानंतर. सहा जानेवारीला गावभर रोस्का, सणाचा गोल गोड पाव, खपतो, तेव्हा कुठे बेकरीवाल्यांच्या गल्ल्यात पैसा खुळखुळतो. मला हे माहीत होतं. पण 'पुढे मिळणार' यावर खूण करायला हात धजेना. वाटलं, उधारीवर राबणारी बाई दिसेन मी. मान ताठ करून मी खूण केली : 'मिळाले'.

चौदा डिसेंबरला एवारिस्तोचा फोन आला. आवाज कोरडा. "जरा येऊन जाता?"

मी गेले. त्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"तुम्ही पैसे मिळाले असं लिहिलंत."

"मग?"

"मग महिन्याच्या अर्जात ते आपोआप भरून आलेत. सतरा तारखेच्या आत त्यावरचा कर भरायचाय. सहा हजार सातशेवीस."

"पण पैसे तर अजून..."

"तेच तर म्हणतोय मी."

माझ्याजवळ रंगाची बिलं भागवून दोन हजार उरले होते. मी मट्‌कन बसले. एवारिस्तोने ड्रॉवर उघडला, एक पाकीट काढलं आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"हे घ्या. जानेवारीत परत करा. किंवा... नका करू."

पाकिटावर त्याची बोटं अजून टेकलेली होती. दुसरी कुणी असती तर तिचे डोळे भरून आले असते. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला.

"रामिरोही असंच करायचा," मी म्हटलं. "आईचं आजारपण, घे उचल. भाडं थकलं, घे उचल. आणि उचल फेडायला पुन्हा एक वर्ष यंत्रामागे. पाच वर्षं गेली माझी त्यात! मला दुसरा मालक नकोय, कोंता."

"मी मालक म्हणून नाही..."

"मग काय म्हणून?"

किटली उगाच वाफा सोडत राहिली.

"दुसरा मार्ग सांगा," मी म्हटलं. "असेलच. कायद्यात चुकणाऱ्यांसाठी काहीतरी ठेवलेलं असतं."

"आहे," तो हळूच म्हणाला. "हा फाक्तुरा रद्द करायचा, नीट खूण करून दुसरा काढायचा. पण रद्द करायला समोरच्याची संमती लागते. दोन्या एलोदियाने नाही म्हटलं तर संपलं. मी फोन करतो त्यांना. सांगतो, चूक माझी झाली."

"चूक माझी. नाव माझं. तोंडही माझंच दिसू दे."

पाकीट तसंच टेबलावर ठेवून मी निघाले. जिन्यात त्याने हाक मारली, "यादिरा..." पण मी वळले नाही. वळले असते तर रडले असते.

* * *

दोन्या एलोदिया भट्टीसमोर उभी होती. साठीची, पिठाने कोपरापर्यंत पांढरी. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. बेकरीत कामाला असलेल्या पोरी हात थांबवून ऐकत होत्या.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी पैसे दिले नाहीत आणि तू सरकारला सांगितलंस की दिले."

"हो."

"का गं? लबाडी तर दिसत नाही."

"लाज वाटली, दोन्या. उधारीचं काम वाटलं."

तिने हातातली परात बाजूला ठेवली. मला वाटलं, आता म्हणणार, रामिरोला बोलावा.

"तुझा तो कोंता कुठाय? तो का नाही बोलला?"

"बोलणार होता. मीच नको म्हटलं."

"हं." तिने हात झटकले, पिठाचा ढग उडाला. "मी या भट्टीवर अठरा वर्षं राबले ती नवऱ्याच्या नावाने. बिलं त्याच्या नावाची, परवाना त्याच्या नावाचा. तो गेला तेव्हा कळलं, कागदावर मी बेकरीत फक्त भाकरी खायला येत होते. सगळं माझ्या नावावर करायला चार वर्षं गेली." मग पोरींवर ओरडली, "बघत काय उभ्या राहिलात, पाव जळतोय!"

गल्ल्याजवळच्या संगणकापाशी ती चष्मा लावून बसली. "कुठे दाबायचं? हे? ...आणि ऐक, संमती देतेय म्हणून माझ्या भिंतीवर घाई करायची नाही. तिसऱ्या दुकानावरचं 'पाव' हे अक्षर मला वाकडं दिसतं."

"ते तसंच असतं, दोन्या. त्याला लय म्हणतात."

"लय तुझ्या घरी. माझ्याकडे सरळ काढ."

तिने कळ दाबली. मी तिथेच, त्या पिठाच्या धुळीत, तिला मिठी मारली. घरी आले तेव्हा आई म्हणाली, "ही कुठल्या पोत्यात पडली होती?"

* * *

सतरा तारखेला सकाळी मी एवारिस्तोकडे गेले. तीन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो होतो. त्याने उठून मला स्वतःची खुर्ची दिली.

"तुम्हीच भरा. मी फक्त बघतो."

मी भरलं. नव्या फाक्तुऱ्यात 'पुढे मिळणार' होतं, म्हणून ते बेचाळीस हजार जानेवारीची वाट बघत बाजूला बसले. उरली ती स्टेशनरीची पाटी आणि त्याची पाटी. रंगाच्या बिलांवरचा कर वजा गेला. खाली आकडा आला : एकशे बारा पेसो.

"पाठवू?"

"तुमची सही आहे. तुम्हीच ठरवा."

मी कळ दाबली. पावती आली. माझ्या नावाचा पहिला कर... लोक कर भरताना कुरकुरतात. मला मात्र नाचावंसं वाटत होतं. मी हसत मागे वळले. तो हसत नव्हता. हातात माझी फाइल होती, नीट दोरी बांधलेली.

"उद्यापासून तुमचे कागद समोरच्या गल्लीतल्या कोंता ऑक्टाविया बघतील. मी त्यांच्याशी बोललोय. बाई हुशार आहेत. तुमच्या पांबासोंवर माझ्यापेक्षा कडक असतील."

माझं हसू तोंडावरच विझलं.

"मी रागावले म्हणून काढून टाकताय मला?"

"नाही."

"मग चुकले म्हणून?"

"चुकलो मी." तो दोरीच्या गाठीशी खेळत राहिला. "ग्राहकाला खिशातले पैसे देऊ करणारा हिशेबनीस... त्याच्या हातात त्या ग्राहकाची वही असू नये. तुम्ही विचारलंत ना, मग काय म्हणून? तेव्हा उत्तर आलं नाही. गेले तीन दिवस मी इथे बसून लोकांची बेरीज चुकवतोय. तुमचं पान समोर आलं की मला आकडे दिसत नाहीत, यादिरा. तुम्ही जिना चढताना दोन-दोन पायऱ्या घेता, तो आवाज ऐकू येतो." त्याने फाइल माझ्या हातात दिली. "तुम्हाला मालक नको. बरोबर आहे. म्हणून तुमचा एकही कागद माझ्याकडे राहता कामा नये. मग... मग कधी तुम्हाला वाटलंच तर..."

वाक्य तिथेच राहिलं. असा एकेक पेसो जुळवणारा माणूस आणि स्वतःचं एक वाक्य त्याला पुरं करता येईना!

मी फाइल काखेत मारली आणि निघाले. दाराशी त्याचा श्वास ऐकू आला, अर्धवट. जिना उतरले. गल्ली ओलांडली. समोरच्या माडीवर कोंता ऑक्टाविया जाड चष्म्यातून माझ्या फाइलच्या दोरीची गाठ सोडू लागल्या. "बसा, चहा घ्या, सगळं पाहू..."

"नंतर येते, मॅडम. सगळे कागद त्यात आहेत. एकही मागे ठेवलेला नाही."

"पण एवढी घाई कसली?"

"एक वाक्य अर्धं राहिलंय."

बाहेर चिपीचिपी बारीक झाली होती. इतकी बारीक, की ती पडतेय की हवेतच तरंगतेय, कळत नव्हतं. मी रिकाम्या हातांनी गल्ली ओलांडली आणि जिना चढले. दोन-दोन नाही, एकेक पायरी, मुद्दाम, अगदी हळू... त्याला कळू नये म्हणून. वर दार लोटलेलं होतं. मी टकटक केली.

"कोण?" आतून थकलेला आवाज आला. "आज काम बंद आहे. ग्राहकांनी उद्या यावं."

"ग्राहक नाहीये मी," मी म्हटलं. "दार उघड, एवारिस्तो."